पुतळाबाईला बोलावणं

दुकानदाराने पुतळाबाईच्या पांढऱ्या केसांकडे एकदा पाहिलं आणि त्याचा हात आपोआप वरच्या फळीकडे गेला.

"अम्मा, आपकी उमर का माल इधर है. बादामी, मोतिया, राख कलर. एकदम सोबर."

उल्हासनगरच्या दोन नंबरच्या मार्केटातलं ते दुकान. खाली गादीवर सगळे रंग नुसते सांडलेले. आंबा पिकावा तसा पिवळा, जास्वंदीचा लाल, आणि मधोमध एक पोपटी साडी, गुलाबी काठाची, जणू भाताच्या कोवळ्या रोपांवर कोणी पहाटेचं आभाळ टाचलंय. पुतळाबाईची नजर तिथेच खिळलेली.

"आनि ही?" तिने बोट दाखवलं.

"ये तो बहू-बेटी के लिए है, अम्मा."

"भाऊ, साडीला म्हाईत असतं काय, आत कोन हाय ते?"

शेजारी बसलेली जिज्ञासा, तिची नात, फोनमध्ये डोकं घालून होती. ती फिसकन हसली. दुकानदारही हसला आणि निमूटपणे पोपटी साडीचा पदर त्याने पुतळाबाईच्या पुढ्यात पसरला. तिने दोन बोटांत पोत चोळून पाहिला, निरी धरून पाहिली, मग खाली वाकून हळूच विचारलं, "नेसल्यावर घसरनार नाय ना?"

"चलने में बिलकुल नहीं घसरेगी."

"चालायचं नाय रे बाबा. नाचायचंय."

आता जिज्ञासाने फोन खाली ठेवला.

"बय? कोण नाचणार?"

"मी," पुतळाबाई म्हणाली. म्हणाली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. इतकी वर्षं पोटात मुरलेली गोष्ट, ती एका परक्या दुकानात, घासाघीस करता करता, अशी तोंडातून सटकली होती. "हितेशच्या हळदीला. बेंजोपुढं."

*

पुतळाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर येतो. आधी येते ती धवलारीण. मांडवाचा खांब रोवण्यापासून नवरी घरात येईपर्यंत प्रत्येक विधीला ती धवले गाते, देवांना गाण्यातून आवतण देते, आणि तिच्या आवाजाशिवाय हळदीचं बोटसुद्धा कोणाच्या गालाला लागत नाही. बदलापूर गावातल्या, बेलवलीतल्या किती पोरांना तिने असं गाऊन बोहल्यापर्यंत पोचवलं होतं. त्यांतल्या काहींची पोरं आता लग्नाला आली होती.

पण धवलारीण पाटावर बसते. बसायचंच असतं तिने. तिच्यासमोर तांदळाचा चौक, चौकावर कलश. तिचा धवला संपला की बेंजोवाले काठ्या उचलतात आणि सगळा मांडव उकळीला येतो. म्हातारेकोतारे हात वर करतात, सुना पदर खोचतात. पुतळाबाई पाटावरून ते बघायची. तिची मांडी घातलेली असायची आणि मांडीच्या आत पायाची बोटं ठेका धरायची. साडीखाली. कोणाला दिसत नसे.

सासूने तिला पाटावर बसवलं तेव्हा ती तरणीताठी होती, अमित तिच्या पोटात होता. तेव्हा म्हणाले, पोटुशी बाई नाचते काय? मग म्हणाले, लेकुरवाळी शोभते काय? मग सासू झालीस गो. मग आजी झालीस. नाचायचं वय कधी येऊन गेलं, कुठल्या वाटेने गेलं, ते तिला कोणी दाखवलंच नाही.

हे सगळं तिने जिज्ञासाला परतीच्या वाटेवर सांगितलं, स्कूटरवर मागे बसून, वाऱ्यावर ओरडत. अंबरनाथ मागे पडलं. शिरगावात सिग्नलला थांबल्यावर शेजारचा रिक्षावाला कान देऊन ऐकत होता, म्हणून आवाज जरा खाली आला, आणि पूल ओलांडून पश्चिमेला उतरल्यावर पुन्हा चढला.

"मग नाच की, बय! अडवलंय कोणी?"

"मी नाचले तर धवला कोन म्हनंल?"

जिज्ञासाने स्कूटर बाजूला घेतली. बेलवलीच्या टॉवरांच्या सावलीत उभी केली. हेल्मेट काढलं.

"मी म्हणते," ती म्हणाली. "मला सगळे येतात."

"सगले?"

"लहानपणापासून तुझ्या मागं बसून ओळी उचलतेय. मांडवाचे, तांदळाचं चून कालवायचे, हळदीचे. कॉलेजला जाताना तेच म्हणते मनात. मैत्रिणी म्हणतात, काय पुटपुटतेस, वेडी झालीस काय." आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, गाड्यांच्या हॉर्नमध्ये तिने सुरू केलं:

*"पयलं बोलावनं गो गावदेवी आयला,*
*दुसरं बोलावनं गो नदी उल्हास बायला,*
*तिसरं बोलावनं गो भाताच्या बांधाला,*
*हितेश नवऱ्याच्या हलदीच्या रंगाला."*

पुतळाबाई मान कलती करून ऐकू लागली. आवाज पोरीचा होता, कोवळा, नवीन घागरीतल्या पाण्यासारखा. पण ओळीच्या शेवटी जो हलका हेलकावा होता, तो सासूचा होता. सासूने तिला दिलेला, तिने कोणाला दिल्याचं तिला ठाऊकच नव्हतं.

"गो पोरी," ती एवढंच म्हणाली. "चल घरी. चल लवकर."

*

घरात मात्र दोघींच्या उत्साहावर घागरभर पाणी पडलं.

पाणी ओतायला भगवान होता. भगवान म्हणजे पुतळाबाईचा धाकटा दीर, तिच्या नवऱ्याचा, हरिचंद्रचा भाऊ. गावात कोणाच्या लग्नात मांडवाचं तोंड कुठे असावं इथपासून पंगतीत मीठ कोणत्या बाजूला वाढावं इथपर्यंत सगळं तो सांगे, न विचारता.

"धवलारीन नाचली?" तो ओट्यावरून म्हणाला. "वयनी, आजवर असं झालं नाय. आनि हा वय हाय का तुमचा? गुडघ्याला तेल लावून बसायचा वय."

"गुडघं माझं, तेल माझं," पुतळाबाई म्हणाली. "तुमाला कनचा त्रास?"

"पावने काय बोलतील? नवरीचा मामा येतोय अंबरनाथवरनं, दौलतराव. मूळची घाटावरची मानसं ती, शिस्तीची."

अमित, पुतळाबाईचा मुलगा आणि नवरदेव हितेशचा बाप, मध्येच कानाला फोन लावून मंडपवाल्याशी बोलत होता. फोनवर हात ठेवून तो म्हणाला, "आई, प्लीज. आजकाल सगळे व्हिडिओ काढतात. उद्या फिरेल ग्रुपवर, आजी डान्स म्हणून. लोक हसतील तुला. मला नाय आवडणार ते."

ते शेवटचं वाक्य त्याने इतक्या मायेने म्हटलं की पुतळाबाईला रागही धरता येईना.

"मी बसते ना पाटावर," जिज्ञासा म्हणाली. "मला येतात धवले."

भगवान इतका हसला की त्याला ठसका लागला. "तू? गो, धवला म्हनायला केस पिकावं लागतात. लगीन व्हावं लागतं. चार पोरांची हलद बघावी लागते. तुझं वय हाय का त्याचं? तू नाच जा. रील बनव."

ओट्याच्या कोपऱ्यात हरिचंद्र बसला होता. तो फार बोलत नसे. शेंगा सोलता सोलता त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा नातीकडे.

"भगवान," तो म्हणाला, "जिला नाचायचंय तिला तू बसवतोस, नि जिला बसायचंय तिला नाचवतोस. तुझा हिशोब काय कलला नाय मना."

"दादा, हिशोब माझा नाय. रीतीचा हाय."

त्यावर हरिचंद्र पुन्हा शेंगा सोलायला लागला. रीत म्हटलं की त्या घरात सगळ्यांचीच जीभ टाळ्याला चिकटे. शेवटी तडजोड ठरली ती अशी: पुतळाबाईने पोपटी साडी नेसावी, हवं तर गजराही माळावा, पण पाटावरून उठायचं नाही. आणि जिज्ञासाने नेहमीसारखं मागे बसून ओळी उचलाव्यात. पुढे नाही.

"ठीक हाय," पुतळाबाई म्हणाली. आत जाऊन तिने साडीची घडी पुन्हा घातली, पुन्हा मोडली. ठीक काही नव्हतं.

*

हळदीच्या दिवशी दुपार कलली तशी माणसं यायला लागली. अंगणात मांडव, मांडवाला आंब्याची पानं, खाली खुर्च्यांच्या रांगा. चुलीवर मटणाचं भांडं रटरटत होतं. बेंजोवाल्यांनी आपली वाद्यं एका कोपऱ्यात मांडली आणि ढोलाच्या कातड्यावर बोटं टकटकवत ते धवला संपायची वाट बघू लागले. धवला चालू असताना वाद्य वाजत नाही. अंगणाबाहेर गाडी उभी होती. हितेशच्या अंगाची उष्टी हळद अंबरनाथला नवरीकडे, तेजलकडे पोचवायची होती, आणि तिथून दर थोड्या वेळाने फोन येत होते, निघालात का, निघालात का.

दौलतराव मामा आले होते ती हळद न्यायला, ताट घेऊन. गुलाबी फेटा, भरघोस मिशी. भगवानने त्यांना पुढच्या रांगेत मधोमध बसवलं आणि पुतळाबाईकडे डोळे वटारून पाहिलं, म्हणजे लक्षात असू द्या.

पुतळाबाई पाटावर बसली. पोपटी साडीत ती अशी दिसत होती की प्राची, तिची सून नि हितेशची आई, दोनदा येऊन तिचा पदर उगाचच सारखा करून गेली. "आई, तुम्ही नवरदेवाची आई वाटताय," ती कानात म्हणाली. "आनि तू?" "मी नवरदेवाची बहीण."

पुतळाबाईने डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली.

गावदेवी आली. नदी आली. बांध आला, बांधावरचा आंबा आला, जे शेत आता कुणाच्या पार्किंगखाली गेलंय तेही आलं. गाण्यात सगळं जागच्या जागी होतं. मागून जिज्ञासा प्रत्येक ओळ झेलत होती. माणसं शांत झाली. पोरांचे फोन वर झाले. पाटावर बसलेला हितेश, मुंडावळ्यांतून आजीकडे बघत, लहान मुलासारखा दिसायला लागला.

देव बोलावून झाले की माणसांची बोलावणी. हळद कालवल्यावर घरातल्या बायकांना वडीलकीच्या क्रमाने नाव घेऊन हाक मारायची. सर्वांत वडील बाई पहिली. जिचं नाव धवल्यात आलं ती उठते, हळद लावते. गाण्यातून आलेल्या हाकेला नाही म्हणायचं नसतं. ती हाक माणसाची धरत नाहीत, देवाची धरतात.

*"हलद दलिली गो, हलद कालविली..."*

पुतळाबाईने ओळ घेतली आणि तिचा आवाज थांबला.

सर्वांत वडील बाई.

अमितच्या लग्नात सासू होती. तिचं नाव आधी घेतलं होतं. त्यानंतरच्या लग्नात मोठी जाऊ होती. आता सासू नाही, जाऊ नाही. घरातली सर्वांत वडील बाई पोपटी साडी नेसून पाटावर बसली होती, आणि गाणारीने आपल्याच नावाने हाक कशी मारायची? हजारो नावं तिच्या तोंडून गेली होती. स्वतःचं तिने एकदाही घेतलं नव्हतं. धवल्यात ते कधी आलंच नव्हतं.

भगवान खुर्चीत पुढे सरकला. थांबलेला धवला म्हणजे अपशकुन. बायकांचे हात तोंडाकडे गेले.

आणि मागून, अगदी कानाशी, कोवळा आवाज उठला:

*"हलद दलिली गो, हलद कालविली,*
*पुतलाबाय मावली गो, नाचत नाचत येई!"*

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

ओळ चुकली होती. तिथे 'हात जोडीत येई' असं असतं. बारशापासून बाराव्यापर्यंत गावातली प्रत्येक बाई ती ओळ ऐकत आलेली. जिज्ञासाचा चेहरा हळदीसारखा पिवळा झाला. मनात सारखं जे घोळत होतं, तेच घाईत ओठांवर आलं होतं. पण थांबली नाही पोर. तीच ओळ तिने पुन्हा घेतली, जशी दोनदा घ्यायची असते, आवाज थरथरत असला तरी सूर न सोडता.

"चुकली!" भगवान उठलाच. "वयनी, पोर चुकली. सांगा तिला. पयल्यापासनं घ्या."

ते सांगायचा हक्क एकट्या पुतळाबाईचा होता. धवला बरोबर की चूक, हे चौकावर धवलारीणच ठरवते. सगळ्या मांडवाचे डोळे तिच्याकडे वळले. चूक म्हटलं तर सगळं ठीक झालं असतं. देव पुन्हा बोलावले असते, ओळ सुधारली असती, ती पाटावर बसून राहिली असती. आणि या पोरीने जन्मात पुन्हा धवल्याला तोंड उघडलं नसतं. बघा, सांगितलं होतं, वय नव्हतं तिचं, असं म्हणून लोकांनी तिला कायमचं मागे बसवलं असतं.

पुतळाबाईने नातीकडे मान वळवली. त्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडात सूर होता. इतकं भ्यायल्यावरही सूर होता.

"धवला थांबला तर चुकतो," पुतळाबाई मोठ्याने म्हणाली. "मी थांबले. पोरीनं नाय थांबवला." मग ती भगवानकडे वळली. "भावजी, धवल्यात नाव आयलंय माझं. मी नाय बोलू? तुमीच सांगा, रीत काय हाय?"

भगवान परत खुर्चीत टेकला.

पुतळाबाईने पाटाला हात टेकला आणि उठली. गुडघा कटकन वाजला. तो आवाज पुढच्या रांगेपर्यंत गेला. जिज्ञासा सरकून पाटावर बसली, आजीची ऊब अजून होती त्यावर, आणि तिने तिसऱ्यांदा ओळ उचलली. आता आवाज थरथरत नव्हता.

नाचायचं कसं, ते पुतळाबाईला येत नव्हतं. हे तिला उभं राहिल्यावर कळलं. इतकी वर्षं बघून, मांडीआड बोटं हलवून, प्रत्यक्ष पाय कुठे टाकायचा ते कोणी शिकवलं नव्हतं. ती एक पाऊल टाकायची आणि थबकायची. मग पायांनाच काहीतरी आठवलं. चिखलात लावणी करताना मागे मागे जायचं असतं, एक पाय रुतवायचा, एक काढायचा, कमरेत झुलायचं. ते तिला येत होतं. ती तशी नाचली. भाताची लावणी करावी तशी, पण पुढे पुढे जात, पोपटी पदर झुलवत, नातवाकडे.

कोणीतरी शिटी मारली. कोपऱ्यातल्या ढोलवाल्याच्याने राहवेना. त्याने कातड्यावर तळहाताने हलकेच ठेका दिला, धवल्याच्या चालीला, कोणाला ऐकू जाणार नाही असा, आणि तो सगळ्यांना ऐकू गेला.

पुतळाबाईने हितेशच्या दोन्ही गालांना हळद लावली. तो रडत होता की हसत होता, देव जाणे.

पण खरी गंमत पुढे झाली. धवल्यात पहिल्या नावाला जी ओळ लागते तीच शेवटच्या नावापर्यंत चालते. बदलता येत नाही. आणि वडीलकीने दुसरं नाव भगवानच्या बायकोचं होतं.

*"विठाबाय मावली गो, नाचत नाचत येई!"*

विठाबाईने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदर खोचला आणि निघाली. मग प्राची. मग शेजारच्या. मग बायका संपल्या आणि पुरुषांची पाळी आली. हरिचंद्रला बोलावणं आलं तेव्हा तो शेंगांची टरफलं झटकून उठला, दोन्ही हात आभाळाकडे नेले आणि बायकोभोवती अशी गिरकी घेतली की पोरांनी आरडाओरडा केला, "आजोबा! आजोबा!" पुतळाबाईने तोंड लपवलं. "कुठं शिकलास रे हे?" "मोबाइलवर."

*"भगवान दादा गो, नाचत नाचत येई!"*

भगवान खुर्चीला चिकटून बसला होता. ज्या रीतीच्या जिवावर त्याने सगळ्या गावाची तोंडं बंद केली होती, तीच आता वीस वर्षांची पोर होऊन, पाटावर बसून, त्याला नावाने हाका मारत होती. जिज्ञासाने ओळ पुन्हा घेतली. आणि पुन्हा.

"उठा, भावजी," पुतळाबाई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिने हळदीचा हात पुढे केला. "एकदा उठलात का काय होत नाय. मी बघितलंय आत्ताच."

तो उठला. कमरेवर हात ठेवून, लाजून, उधारीचे बूट घातल्यासारखा नाचला, पण नाचला. त्याच्या मागोमाग पुढच्या रांगेतून एक गुलाबी फेटा उठला.

"आजी," दौलतराव मामा मिशीत हसत पुतळाबाईला म्हणाले, "आमचं नाव त्यात बसंल का नाही? का घाटावरच्यांना नाचायला बंदी हाय?"

जिज्ञासाने नाव बसवलं. छान बसलं.

धवला जागच्या जागी पुरा झाला, शेवटची ओळ जिज्ञासाने हेलकावा देऊन सोडली, आणि बेंजो फुटला. इतका वेळ कोंडलेला आवाज अंगणात नुसता उधळला. उष्टी हळद घेऊन गाडी निघाली. दौलतराव मामांना ओढून न्यावं लागलं. दोन बायका जिज्ञासापाशी येऊन बसल्या. त्यांतल्या एकीच्या घरी पुढच्या महिन्यात लग्न होतं. "गो बाय, आमच्याकरं येशील काय?" तिने विचारलं, आणि जिज्ञासाने उत्तर द्यायच्या आधी आजीकडे पाहिलं. पण आजी गर्दीत होती.

अमित घामाघूम होऊन एक प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर धरून वाट काढत आला.

"आई, बस आता. झालं ना? दम लागलाय तुला."

दम लागलाच होता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, गजरा सुटून कानावर आला होता, आणि उद्या गुडघा काय बोलणार हे तिला आजच ऐकू येत होतं.

"तू शेवटचा कवा नाचलास रे?" तिने विचारलं.

"मी? माझं काय आता, आई. पोराचा बाप झालो. सासरा होतोय."

पुतळाबाईने त्याच्याकडे नीट बघितलं. कानशिलावर पांढरं आलं होतं. हा कधी थांबला? कोणी सांगितलं याला थांब म्हणून? तिने त्याच्या हातातली खुर्ची घेतली, बाजूला ठेवली, तिच्यावर आपला चष्मा ठेवला, आणि त्याचं मनगट धरलं, रस्ता ओलांडताना धरायची तसं.

"आई, अगं..."

"बेंजोवाला!" ती ओरडली. धवलारणीचा आवाज तो, ढोलावरून आरपार गेला. "जरा दमानं घे रं बाबा पयलं! आता कुठं पायांना कलाया लागलंय!"